अर्धीच पोचलेली बातमी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी क्षयरोग्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पंगतीला बसण्याचा परिपाठ आयुष्यभर सोडला नाही. विषय निवडायची मोकळीक मिळाली, तेव्हा एचआयव्ही आणि एड्स हाच विषय मी मागून घेतला. ‘आता कुठे राहिलाय एड्स?’ असं एकदोघांनी विचारलं. हा प्रश्न अजून विचारला जातो, म्हणूनच मला आज बोलायचं आहे.

या आजाराबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असा आपला समज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात एचआयव्हीची पुरेशी माहिती असलेल्या स्त्रिया निघाल्या २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के. पुरेशी म्हणजे फार नव्हे. कंडोम वापरल्याने आणि लागण नसलेल्या एकाच जोडीदाराशी संबंध ठेवल्याने धोका कमी होतो, धडधाकट दिसणाऱ्यालाही लागण असू शकते, आणि डास चावल्याने किंवा एका ताटात जेवल्याने ती होत नाही, एवढं माहीत असणं. एसटी स्टँडच्या भिंती, दूरदर्शनच्या जाहिराती, शाळांच्या प्रभातफेऱ्या, रेड रिबन एक्सप्रेस नावाची अख्खी आगगाडी, एवढं सगळं करूनही पाच बायकांत जेमतेम एकीला हे नीट सांगता येतं.

माझं म्हणणं असं, की एड्सची बातमी जगभर अर्धीच पोचली. हा आजार जीव घेतो, हा अर्धा भाग घरोघर गेला. उपचार घेणारा माणूस चांगला जगतो आणि त्याच्यापासून जोडीदाराला लागण होत नाही, हा दुसरा भाग दवाखान्याच्या उंबऱ्यातच अडकून राहिला. पहिला भाग सरकारांनी आणि जाहिरात कंपन्यांनी नेला. दुसरा भाग मुख्यतः त्या आजारासोबत जगणाऱ्या माणसांनी नेला, आणि त्यांचं ऐकून घेण्याची आपल्याला सवय नाही.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. तिथून या साथीचा लिखित इतिहास सुरू होतो. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. आपल्याकडे तेव्हा मोठमोठ्यांचं मत होतं, की हा पाश्चात्त्यांच्या चालीरीतींचा आजार, आपल्या संस्कृतीत त्याला जागा नाही.

हा भ्रम दोन स्त्रियांनी मोडला. मद्रास मेडिकल कॉलेजात सुनीती सॉलोमन शिकवत होत्या. माहेरच्या त्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी हा विषय सुचवला. निर्मला लहान गावातून आलेली आणि घरसंसार सांभाळून शिकणारी. ती आधी कचरली, पण नवऱ्याने धीर दिला. त्याच्या स्कूटरवरून ती गावभर फिरली आणि सुधारगृहात ठेवलेल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तिने गोळा केले. चेन्नईत तपासणीची सोय नव्हती, म्हणून नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मग नवराबायको बर्फाची पेटी घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरला गेले. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली आणि सहा नमुने पिवळे पडले, म्हणजे त्यांत एचआयव्ही निघाला. साल १९८६. अमेरिकेतून पुन्हा खात्री करून घेतल्यावर बातमी जाहीर झाली आणि देश हादरला. सुनीतीबाईंनी पुढे १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. बाधितांची लग्नं जुळवण्यापर्यंत त्या केंद्राची मजल गेली. २०१५ मध्ये त्या गेल्या, नंतर त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मराठी माणसांना त्यांचं नाव फारसं ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

देश हादरला खरा, पण जागा झाला का? गोव्यातली हकिगत ऐका. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशाच्या एका ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात डांबलं. गुन्हा काही नव्हता. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. चौसष्ट दिवस तो तिथे राहिला. त्याची आई, लुसी डिसोझा, मुंबई उच्च न्यायालयात गेली. वकील होते आनंद ग्रोव्हर. न्यायालयाने त्याला घरी सोडलं, पण कायद्यातली ती तरतूद रद्द केली नाही. म्हणजे डॉमिनिक सुटला, कायदा तसाच राहिला. १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला.

त्याला डांबणारी माणसं दुष्ट होती म्हणून असं झालं, असं मी मानत नाही. पोलीस, आरोग्याधिकारी, कायदा करणारे, सगळ्यांना मिळालेली माहिती एकच होती: घाबरा. घाबरलेला माणूस दार लावून घेतो. ते पुढाऱ्याचं असो की शेजाऱ्याचं.

त्या काळात जगभर सरकारं हेच सांगत होती. १९८७ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या घराघरांत सरकारी पत्रक गेलं, आणि टीव्हीवर थडग्याचा दगड आणि हिमनग दाखवणाऱ्या जाहिराती लागल्या. ‘अज्ञानापायी मरू नका’ असा त्यांचा रोख. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मृत्युदेवता माणसांना बोलिंगच्या खेळातल्या बाहुल्यांसारखं आडवं पाडताना दाखवली गेली. त्या जाहिराती पाहून लहान मुलं झोपेत दचकत. भीतीने काहीच साधलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. ब्रिटनचे आरोग्यमंत्री नॉर्मन फाउलर यांनी पंतप्रधानांची नाखुशी ओढवून घेऊनही पत्रकात शरीरसंबंध आणि कंडोम याबद्दल स्वच्छ भाषा ठेवली, नशेच्या सुया बदलून देण्याची सोय केली, आणि तिथली साथ आटोक्यात राहिली. पण ऑस्ट्रेलियात त्या जाहिरातीचा उलटा अर्थ लागला. समलिंगी पुरुषांना मृत्यूच्या तावडीतली माणसं समजण्याऐवजी लोक त्यांनाच मृत्युदेवता समजू लागले.

आपल्याकडच्या भिंतींवर कवटी आणि हाडं आली. त्या चित्राने एकाही बाधिताला दवाखान्यात आणलं असेल असं मला वाटत नाही. त्याने चाचणीची भीती मात्र बसवली. रोग म्हणजे मरण, आणि कळलं की गाव वाळीत टाकणार, मग कळूनच का घ्यायचं? हा हिशेब अडाणीपणाचा नव्हता, समोर दिसत होतं त्यावरून माणसं तो करत होती.

मुंबईत २००२ च्या अखेरीस होर्डिंगांवर एक प्रश्न झळकला, ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ पानटपरीवर, लोकलच्या डब्यात, रिक्षाच्या रांगेत लोक या काल्पनिक बलबीरबद्दल बोलू लागले. जिथे मौन होतं तिथे बोलणं सुरू झालं, हे या मोहिमेचं श्रेय. पण त्या कथेत विषाणू देणारी म्हणून वेश्याव्यवसायातली स्त्री उभी केली होती, आणि स्त्री संघटनांनी त्याला हरकत घेतली. ती हरकत रास्त होती. बलबीर बायकोला काय देतो, हा प्रश्न होर्डिंगवर आला नाही. आपल्या देशात बहुसंख्य बाधित बायकांना हा विषाणू नवऱ्याकडून मिळाला आहे.

आता दुसऱ्या भागाकडे येते. हा भाग मला जास्त प्रिय आहे.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात आरोग्य परिषद भरली होती. त्या वेळी विषाणूचं नावसुद्धा ठरलं नव्हतं, औषध तर दूरच. मूठभर बाधित मंचावर गेले आणि त्यांनी एक जाहीरनामा वाचला. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला बसायला जागा द्या, हे त्याचं सार. आज जगात अनेक रोगांच्या समित्यांत रुग्णांचा प्रतिनिधी असतो, त्यामागे ही मूठभर माणसं आहेत. त्यांतले बरेच जण औषध येईपर्यंत जगले नाहीत.

चार वर्षांनी वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण हिरवळीवर एक गोधडी अंथरली गेली. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याची ही कल्पना. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे एका कबरीएवढा, आणि प्रत्येकावर एका गेलेल्या माणसाचं नाव. आयांनी, मित्रांनी, जोडीदारांनी ते तुकडे शिवले. त्यात शर्ट होते, जीन्स होत्या, लहानपणीची खेळणी होती. कितीतरी घरांनी मुलाच्या मरणाचं कारण लपवलं होतं, तिथे त्याच्या मित्रांनी सुईदोरा हातात घेतला. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी १,९२० तुकडे पसरले होते. आज ते पन्नास हजारांच्या आसपास आहेत.

युगांडात नोरीन कालीबा या बाईचा नवरा १९८७ च्या जानेवारीत एड्सने गेला. दुःख घेऊन बसण्याऐवजी तिने तशीच झळ लागलेल्या माणसांना एकत्र केलं आणि ‘तासो’ ही संस्था उभी केली. रोगाचं नाव न घेता एकमेकांचा हात धरून बसायचं, यापासून त्यांची सुरुवात झाली. दोन वर्षांनी फिली लुटाया या लोकप्रिय गायकाने आपल्याला एड्स असल्याचं उघड केलं. शाळाशाळांत आणि चर्चमध्ये जाऊन तो बोलत राहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला. ज्याच्या गाण्यावर आपण नाचलो, तोच समोर येऊन हे सांगतो आहे, हे पाहून जे घडलं ते आकडेवारीच्या पुस्तिकांनी घडलं नसतं.

दक्षिण आफ्रिकेची कथा अधिक कठीण आहे. १९९८ च्या डिसेंबरमध्ये डर्बनजवळच्या क्वामाशूमध्ये गुगू द्लामिनी या तरुण बाईने आपण बाधित असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि काही दिवसांतच जमावाने तिचा जीव घेतला. त्याच महिन्यात झॅकी अचमट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ सुरू केलं. त्यांच्या टीशर्टावर छातीभर अक्षरांत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं छापलेलं असे, आणि ते बाधितांनी घालायचे तसे नसणाऱ्यांनीही घालायचे. एकटी दिसणारी बाई दगडांचं लक्ष्य होते, दहा हजारांत तिला कोण ओळखणार? पुढे नेल्सन मंडेलांनीही तो टीशर्ट घातला. या मोहिमेची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. वस्तीवस्तीत वर्ग घेऊन शाळा सोडलेल्या बायकांनाही विषाणू पेशीत कसा शिरतो, कुठली गोळी त्याला कुठे अडवते, हे शिकवलं गेलं. अध्यक्ष थाबो म्बेकी विज्ञानावरच शंका घेत असताना या बायकांनी सरकारला न्यायालयात खेचलं, आणि गरोदर बायकांना औषध मिळालंच पाहिजे असा निकाल २००२ मध्ये घटना न्यायालयाने दिला. स्वतः अचमट यांना औषध परवडत होतं, तरी सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत ते घेणार नाही, हा निश्चय त्यांनी २००३ पर्यंत पाळला.

इथे आपल्या मुंबईचाही वाटा आहे. तीन औषधांच्या मिश्रणाचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तेच औषध वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत, देऊ केलं. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे हे शक्य झालं. त्यानंतर ‘गरीब देशांना हे झेपणार नाही’ हे वाक्य उच्चारणं अवघड झालं. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले.

आणि सांगली. १९९२ मध्ये मीना शेषू आणि त्यांच्या ‘संग्राम’ या संस्थेने गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत काम सुरू केलं. तिथे कंडोम वाटायचे कुणी? बाहेरून आलेल्या ताईंनी की तिथल्याच बाईने? तिथल्याच बाईने, हे त्यांचं उत्तर. गिऱ्हाईक अडून बसलं तर त्याला कसं वळवायचं, दारू प्यायलेल्याशी कसं बोलायचं, कुठला पोलीस कंडोमची पाकिटं पुरावा म्हणून जप्त करतो, हे ज्ञान तिच्याकडेच होतं. १९९६ मध्ये त्या बायकांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. वेश्याव्यवसायाच्या विरोधात लिहून द्या, तरच पैसे, अशी अट अमेरिकी निधीला लागली, तेव्हा संग्रामने २००५ मध्ये तो निधी नाकारला. पैसे नाकारणं ही सामाजिक संस्थेसाठी साधी गोष्ट नसते, हे इथल्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

हे सगळे लोक एकच गोष्ट करत होते. ज्याला आजार आहे, त्याच्याच तोंडून माहिती देत होते. आता त्या माहितीतला सगळ्यात मोठा भाग सांगते, जो अजून भिंतींवर आला नाही.

आज रोज एक गोळी पुरते. त्या एका गोळीत तीन औषधं असतात, आणि ती आपल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात, मोफत मिळते. काही महिने नेमाने घेतली, की रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ‘कमी होते’ असं मी म्हणत नाही, ‘होत नाही’ असं म्हणते. हे सिद्ध करणाऱ्या मोठ्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एक बाधित, एक नाही. त्यांतली काही पुण्याची होती, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून सामील झालेली, काही चेन्नईत सुनीतीबाईंच्या केंद्रातून. २०११ मध्ये निष्कर्ष आले. जोडीदाराकडून झालेल्या २८ लागणींपैकी २७ उपचार उशिरा सुरू केलेल्या गटात होत्या. लवकर उपचार घेतलेल्या गटात एकच. पुढे युरोपातल्या अभ्यासात ७८२ समलिंगी जोडप्यांनी कंडोमविना हजारो वेळा संबंध ठेवले, आणि विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य निघाली. आईकडून बाळाला होणारी लागणही उपचाराने पाच टक्क्यांच्या खाली येते. उपचार नसतील तर ती पंधरा ते पंचेचाळीस टक्के असते.

पुण्याच्या जोडप्यांनी जगाला हे ज्ञान दिलं. आणि त्याच जिल्ह्यातल्या खेड्यात विचारा, हे किती जणांना ठाऊक आहे?

ठाऊक नसण्याची किंमत कशी मोजली जाते, ते एआरटी केंद्राबाहेर उभं राहिलं की दिसतं. गोळ्यांची डबी हातात पडली की बायका आधी तिच्यावरचं लेबल खरवडून काढतात. मग पिशवीत खडखड वाजू नये म्हणून डबीत कापूस भरतात. घरी ती तांदळाच्या डब्यात जाते. सासू घरात असली की गोळीची वेळ चुकते. कित्येक जण आपल्या तालुक्याचं केंद्र सोडून दोन एसटी बदलून लांबच्या केंद्रात नाव घालतात, कारण जवळच्या केंद्रात शिपाई ओळखीचा असतो. गोळी चुकली की विषाणू डोकं वर काढतो. म्हणजे गावाच्या भीतीने तिची तब्येत बिघडते, आणि लागण पसरण्याची शक्यता परत येते. भिंतीवरच्या कवटीने जे पेरलं, त्याचं हे पीक.

कायदा आता डॉमिनिकच्या काळातला राहिलेला नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, परवानगीशिवाय कुणाला सांगणं नाही, नोकरीवरून, शाळेतून, भाड्याच्या घरातून काढणं नाही. त्याच्या बऱ्याच आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराला केवळ एचआयव्ही असल्याने काम नाकारणं बेकायदा ठरवलं होतं. हा कायदा किती मुख्याध्यापकांनी, किती गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांनी वाचला आहे, हे मी या सभागृहात विचारणार नाही. तुम्ही आपापल्या संस्थेत विचारा.

२०२४ च्या अखेरीस जगात ४ कोटी ८ लाख माणसं एचआयव्हीसोबत जगत होती, त्यांतल्या ३ कोटी १६ लाखांना उपचार मिळत होते. त्या एका वर्षात १३ लाख नव्या लागणी झाल्या आणि ६ लाख ३० हजार माणसं गेली. भारतात बाधित सुमारे २५ लाख, आणि राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर. ‘कुठे राहिलाय एड्स’ याचं उत्तर हे आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आफ्रिकेतले दवाखाने, घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या, लोकांना सांगत फिरणारी माणसं यांच्यावर पहिला घाव पडला. औषधाची बाटली निदान डोळ्यांना दिसते. माहिती सांगणाऱ्याचा पगार कापला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या देशाचा एड्स नियंत्रण कार्यक्रम मुख्यतः आपल्या स्वतःच्या पैशावर चालतो. तेव्हा आपल्याला ही सबब नाही.

माझी मागणी साधी आहे. गावागावांत ज्या भिंतींवर एकेकाळी कवटी रंगवली, त्याच भिंतींवर आता हे लिहा: एचआयव्हीवर उपचार आहेत, ते मोफत आहेत; विषाणू दबला की जोडीदाराला लागण होत नाही; चाचणी गुप्त राहते; फोन करा १०९७. अक्षरं तेवढीच मोठी असावीत. ग्रामसभेत हा मजकूर मांडणाऱ्यांमध्ये बाधित बाया आणि पुरुष असावेत, त्यांची तयारी असेल तर. नसेल, तर त्यांनी तपासून दिलेला मजकूर तरी असावा.

आता प्रश्नोत्तरं. मागच्या रांगेतून कोऱ्या चिठ्ठ्या पाठवल्या आहेत, त्यांच्यावर नाव घालायचं नाही. जे उघडपणे विचारता येत नाही तेच आधी विचारा. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशक इथे माझ्या शेजारी बसल्या आहेत. ज्याचं उत्तर मला येणार नाही ते त्या देतील.